मुरारच्या आवारातला वन-टन: एका जुन्या फोर-व्हील ट्रकच्या खरेदीचे प्रकरण

मे २०२५ मधल्या एका रविवारी माझा भाचा मला ग्वाल्हेरच्या मुरार भागात एक ट्रक दाखवायला घेऊन गेला. सैन्यात ज्याला 'वन-टन' म्हणतात ती ही जबलपूरला बांधलेली निसान. चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी, पुढे लांब नाक आणि मागे ताडपत्रीच्या कमानी असलेली. विक्रेत्याची मागणी ४ लाख २५ हजारांची होती, भाच्याच्या खिशात विसारासाठी ५० हजार रोख होते, आणि मी मान हलवली असती तर त्याच संध्याकाळी व्यवहार ठरला असता. माझी नोकरी बसगाड्यांच्या कार्यशाळेत गेली, त्यामुळे घरातल्या गाड्यांचा कौल माझ्याकडे मागितला जातो. त्या दिवशी मला लोखंडात जे दिसले त्यावरून मी 'हो' म्हणण्याच्या अगदी जवळ आलो होतो, आणि पुढे निर्णय ज्या प्रश्नावर फिरला तो मला सुचलाच नव्हता. तो माझ्या थोरल्या बहिणीने विचारला. म्हणूनच हे प्रकरण सविस्तर नोंदवावेसे वाटले.

गरज खरी होती, हे आधी सांगायला हवे. भाच्याची तिघऱ्याच्या बाजूला चौदा बिघे जमीन आहे, लष्करातल्या दौलतगंजच्या घरापासून सुमारे २४ किलोमीटरवर. (ग्वाल्हेरबाहेरच्या वाचकांसाठी: इथे 'लष्कर' म्हणजे शिंद्यांच्या छावणीभोवती वाढलेले आमचे जुने शहर, सैन्याची छावणी मुरारला आहे.) शेताकडे जाणारे शेवटचे तीन किलोमीटर कच्चे आहेत, आणि आषाढ-श्रावणात तिथल्या चिकण मातीत साधी पिकअप गाडी चाकाच्या अर्ध्यापर्यंत बसते. पेरू उतरवण्याच्या दिवसांत दरवेळी ट्रॅक्टर-ट्रॉली भाड्याने बोलवावी लागते, आणि ती सांगितल्या वेळी येतेच असे नाही. दुसरे कारण मनातले होते. माझे मेहुणे सैन्याच्या वाहन कार्यशाळेत होते. भाच्याचे लहानपण जबलपूरला गेले आणि शाळेच्या वाटेवर त्याने हेच ट्रक रांगेने जाताना पाहिले. हे कारण कमी प्रतीचे आहे असे मी मानत नाही. जुनी गाडी केवळ हिशेबाने कोणी घेत नाही. मात्र ते कारण मान्य केल्यावर हिशेब अधिक काटेकोर ठेवावा लागतो.

गाडीच्या कुळाविषयी थोडे. जबलपूरच्या सरकारी कारखान्यांतून सैन्यासाठी तीन प्रसिद्ध गाड्या निघाल्या: जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावरचा शक्तिमान ट्रक, निसानच्या 'पेट्रोल' (Patrol) नावाच्या जीपवरून घेतलेली जोंगा, आणि निसानचाच हा एक टन भाराचा ट्रक. आधी हे काम गन कॅरेज फॅक्टरीत चाले. १९६९ मध्ये स्वतंत्र व्हेइकल फॅक्टरी उभी राहिली. जोंगा आणि वन-टन यांचे मूळ इंजिन एकाच घराण्यातले आहे, सहा सिलिंडरचे, ३,९५६ सीसीचे, पेट्रोलवर चालणारे. मुरारच्या गाडीच्या पट्टीवर बांधणीचे वर्ष १९७६ होते. सैन्याने ती लिलावात काढली, आणि १९९३ मध्ये भिंड जिल्ह्यात तिची नागरी नोंदणी झाली. ही दोन वर्षे वाचकाने लक्षात ठेवावीत.

आता तपासणी. आम्ही सकाळी सातला पोचलो, कारण इंजिन थंड असतानाच ते सुरू होताना पाहायचे होते. ऊन चढल्यावर ग्वाल्हेरच्या मे महिन्यात कोणतेही इंजिन पहिल्या झटक्यात लागते आणि त्यावरून काहीच कळत नाही. मी बरोबर लहान हातोडी, लोहचुंबक, खडू, टॉर्च आणि जॅक घेतला होता. विक्रेता, जो जुन्या सरकारी मालाचा ठेकेदार आहे, त्याने आम्हाला हवे तितका वेळ गाडीखाली जाऊ दिले, हे त्याच्या बाजूने नोंदवतो.

चेसिसपासून सुरुवात केली. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचे ब्रॅकेट जिथे चेसिसला लागतात तिथे चिखल साठून राहतो आणि गंज आतून पोखरतो. त्या जागी हातोडीने हलके ठोकत गेलो. निकोप पत्रा खणखणतो, सडलेला बोदा वाजतो. सगळीकडे खणखणीत आवाज आला. बॉडीवर लोहचुंबक फिरवला, तर डावा मडगार्ड सोडून कुठेही पुट्टीचा जाड थर नव्हता. पुढची चाके एकेक करून उचलली आणि वर-खाली धरून हलवली; उजव्या बाजूला किंगपिनमध्ये, म्हणजे ज्या खुंटीवर चाक वळते तिच्यात, थोडी ढिलाई होती, डावीकडे नव्हती. पुढच्या अ‍ॅक्सलच्या टोकांना जे गोळे असतात, ज्यांच्या आत वळणारा सांधा फिरतो, त्यांच्यावर ग्रीस झिरपलेले होते. म्हणजे सील गेलेले. पण आतले ग्रीस स्वच्छ होते, पाणी शिरून पांढुरके झालेले नव्हते. दोन्ही डिफरन्शिअलचे, म्हणजे अ‍ॅक्सलच्या मध्यावरच्या दातांच्या पेट्यांचे, तेल बोटावर घेऊन पाहिले, तेही काळे पण निर्मळ होते.

फोर-व्हील गाडीत एक तपासणी हमखास राहून जाते, म्हणून ती जरा विस्ताराने सांगतो. अशा गाड्यांत पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल ट्रान्सफर केसमधून, म्हणजे जोर दोन्हीकडे वाटणाऱ्या पेटीतून, थेट जोडले जातात. मध्ये फरक सामावून घेणारे डिफरन्शिअल नसते. त्यामुळे दोन्ही अ‍ॅक्सलच्या दातांचे प्रमाण तंतोतंत सारखे असावेच लागते. भंगारातून आणलेले दुसऱ्या गाडीचे मागचे डिफरन्शिअल कोणी बसवलेले असेल, तर मागच्या दोन चाकांवर गाडी उत्तम चालते, गिऱ्हाईक खूश होतो, आणि पहिल्या चिखलात पुढचा जोर लावताच काहीतरी तुटते. आम्ही एक चाक उचलून आणि त्याच्या जोडीचे चाक जमिनीवर ठेवून, खडूची खूण करून दहा फेरे दिले आणि प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे अ‍ॅक्सलपर्यंत जोर नेणारा दांडा, किती फिरला ते मोजले. पुढे आणि मागे एकाच रीतीने. आकडा जुळला. मग मागच्या मोकळ्या जागेत टँकरने पाणी ओतून चिखल केला, पुढचा जोर लावला, आणि गाडी एका लयीत बाहेर आली. त्या वेळी भाच्याचा चेहरा मी पाहिला. माझेही मन तिथेच अर्धे वळले होते.

उणिवा होत्या, पण त्या पैशाने भरून येणाऱ्या होत्या. ब्रेकची नळी चारही चाकांना एकच, म्हणजे एक जागा फुटली की सगळे ब्रेक जातात. मास्टर सिलिंडरही पाझरत होता. टायरांची नक्षी शिल्लक होती, पण बाजूवरच्या आकड्याचे शेवटचे चार अंक ३४०९ होते, म्हणजे २००९ च्या चौतिसाव्या आठवड्यातले टायर. नक्षी कितीही असली तरी ते रबर रस्त्यावर न्यायच्या लायकीचे राहिले नव्हते. ठेकेदाराने नुकताच सैन्याचा ऑलिव्ह-ग्रीन रंग मारला होता आणि भाच्याला तोच सर्वांत जास्त भावला होता. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२१ व्या नियमाप्रमाणे संरक्षण खात्याखेरीज कोणाच्याही गाडीला तो रंग चालत नाही, म्हणजे घेतल्याबरोबर तो उतरवण्याचा खर्च आलाच.

बॉनेट उघडले तेव्हा आत चार सिलिंडरचे डिझेल इंजिन होते. दुसऱ्या कुठल्या ट्रकचे. माउंटिंगसाठी चेसिसवर दोन कोन वेल्ड केलेले. मिस्त्रीचे काम सफाईदार होते, इंजिनही थंड असताना दुसऱ्या झटक्याला लागले आणि धूर थोडा येऊन थांबला. कारण समजण्यासारखे आहे: मूळ पेट्रोल इंजिन लिटरला चार किलोमीटरच्या आसपास जाते. ठेकेदाराने याला सुधारणा म्हटले. आरसीवर इंधन 'पेट्रोल' होते आणि इंजिन नंबर वेगळा. मूळ इंजिन कुठे आहे असे विचारल्यावर त्याने गोदामाचे दार उघडून दाखवले. पोत्यांखाली सहा सिलिंडरचे धूड पडलेले होते, आणि त्याच्यावरचा नंबर आरसीवरच्या नंबराशी जुळला. हे क्वचित घडते. बहुतेक ठिकाणी काढलेले इंजिन त्याच आठवड्यात भंगारात जाते.

अशा स्थितीत मी भाच्याला सांगितले की गाडी चांगली आहे, किंमत सव्वा लाखाने खाली आण, आणि इंजिनाचे काय करायचे ते आज रात्री ठरवू. विसार दिला नाही, एवढेच त्या दिवशी माझ्याकडून बरे झाले.

रात्री जेवताना भाच्याने सगळी हकीकत ताईला सांगितली. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि विचारले, "गाडी ज्याच्या नावावर आहे तो माणूस कोण, आणि तो आज कुठे आहे?"

भाचा म्हणाला, "अगं आई, ठेकेदाराकडे त्याच्या सह्यांचे फॉर्म आहेत."

"सह्या मी विचारल्या नाहीत. माणूस विचारला."

मेहुणे गेल्यावर घराच्या नामांतरणासाठी ती दोन वर्षे कचेऱ्यांच्या पायऱ्या चढली होती, त्यामुळे हा प्रश्न तिला आपोआप सुचला. मला सुचला नाही, कारण मी दिवसभर गाडीखाली होतो.

दुसऱ्या दिवशी कागद नीट वाचायला घेतले. आरसी १९९३ ची, पुस्तकाच्या जुन्या नमुन्यातली. सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर नंबर टाकला तर काहीच निघाले नाही. म्हणजे जुन्या नोंदवहीतली नोंद संगणकावर चढलेलीच नव्हती, आणि ती चढवण्यासाठी नोंदणीधारकाला किंवा त्याच्या वारसाला भिंडच्या कार्यालयात जावे लागणार होते. हस्तांतराचे नमुने २९ आणि ३० सही केलेले, पण तारीख आणि खरेदीदाराचे नाव कोरे. ठेकेदाराने गाडी २०२० मध्ये एका दलालाकडून घेतली होती. नोंदणीधारकाला त्याने कधी पाहिलेही नव्हते. भाचा आरसीवरच्या पत्त्यावर भिंडला गेला. नोंदणीधारक २०१७ मध्ये वारले होते. त्यांच्या मुलाने पुढे दोन वर्षे गाडी चालवली, वडिलांच्याच नावाने मे २०१९ पर्यंतचे फिटनेस, म्हणजे गाडी रस्त्यालायक असल्याचे प्रमाणपत्र, घेतले, आणि मग दलालाला दिली. वडिलांनी कोऱ्या नमुन्यांवर सही कधी आणि कशासाठी केली, हे त्यालाही सांगता आले नाही.

इथे प्रकरणाचे स्वरूपच बदलले. मृत माणसाच्या कोऱ्या सहीवर आजची तारीख घालून हस्तांतर करणे म्हणजे खोटा कागद तयार करणे होय. त्यात 'सगळे असेच करतात' हा ठेकेदाराचा खुलासा उपयोगाचा नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५० मध्ये याचा सरळ मार्ग आहे: धारक वारल्यावर वारसाने नमुना ३१ भरून गाडी आधी स्वतःच्या नावावर करायची, आणि मग विकायची. मुलाला एक बहीण आहे, तिची संमती लागणार. भाच्याने त्या मुलाला आणखी एक गोष्ट समजावून सांगितली, आणि ती सांगायलाच हवी होती. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे की गाडी प्रत्यक्ष कोणाच्याही हाती असली तरी अपघाताच्या भरपाईसाठी मालक तोच, ज्याचे नाव नोंदणीत आहे. ते नाव त्याच्या वडिलांचेच होते.

वारसाचा प्रश्न सुटला असे धरून पुढची पायरी पाहिली. भाच्याची आशा अशी होती की १९७६ ची गाडी, म्हणजे लवकरच पन्नाशी. 'व्हिंटेज' म्हणून नोंदवू आणि फिटनेसच्या कटकटीतून सुटू. २०२१ मध्ये आलेले हे नियम मी त्याच्याबरोबर बसून वाचले. ते दुचाकींना आणि एम-१ वर्गाच्या चारचाकींना, म्हणजे चालकाखेरीज जास्तीत जास्त आठ आसनांच्या प्रवासी गाड्यांना लागू होतात. मालवाहू ट्रक त्यांत बसत नाही. शिवाय पन्नास वर्षे मोजायची ती पहिल्या विक्रीनंतरच्या पहिल्या नोंदणीपासून. आमच्या हातातली पहिली नोंदणी १९९३ ची, म्हणजे वर्ग बाजूला ठेवला तरी २०४३ उजाडावे लागेल. तिसरी अट मूळ स्वरूपाची: चेसिस, बॉडी आणि इंजिन न बदललेले. आणि एवढे करून व्हिंटेज नोंदणी मिळालीच, तरी ती गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन आणि देखभालीपुरती रस्त्यावर काढता येते. रोजचा किंवा धंद्याचा वापर चालत नाही. पेरूच्या पेट्या वाहायच्या असतील तर तो दर्जा मुळात उपयोगाचाच नव्हता.

मग मालवाहू म्हणूनच ठेवायची. आठ वर्षांहून जुन्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस लागते. आमचे २०१९ ला संपलेले; नियमांतल्या शुल्काच्या तक्त्यात मुदत संपल्यानंतरच्या प्रत्येक दिवसाला ५० रुपये जादा आहेत, म्हणजे सहा वर्षांचे १ लाख ९ हजारांच्या वर. मध्य प्रदेशात मोटारींचा कर १९९१ च्या कराधान अधिनियमाखाली बसतो, आणि मागची थकबाकी चुकती झाल्याशिवाय नाव बदलत नाही. भारासह वजन ३,००० किलोंच्या वर असल्यामुळे मालवाहतुकीचे परमिटही लागणार. चालवण्याच्या परवान्याची तेवढी अडचण नव्हती. ७,५०० किलोंपर्यंतची मालवाहू गाडी हलक्या मोटारीच्या परवान्यावर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा ठरवले आहे. पाहुण्यांना मागे बसवून तिघऱ्याच्या धरणाकडे फेरी मारण्याची कल्पना मात्र तिथेच सोडून द्यावी लागली. मालवाहू गाडीत प्रवासी बसवणे नियमात बसत नाही, आणि एकेरी ब्रेकच्या गाडीत माणसे बसवणे मला नियम नसता तरी मान्य झाले नसते.

डिझेल इंजिनाविषयी मत बनवायला वेळ लागला नाही. कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हाच अर्थ कायम ठेवला. दुसऱ्या ट्रकचे इंजिन वेल्ड करून बसवणे म्हणजे कायद्याला चालणारे मान्यताप्राप्त किट बसवणे नव्हे. फिटनेसच्या वेळी निरीक्षक चेसिस नंबराची पेन्सिल-छाप घेतो, इंजिन नंबर वाचतो, आणि तिथेच गाडी थांबते. म्हणून पेट्रोल इंजिन परत बसवल्यावाचून पुढचा एकही कागद हलणार नव्हता. त्या कामाचा अंदाज मी आमच्या ओळखीच्या मिस्त्रीकडून घेतला: बोअरिंग, रिंगा, हेड, कार्ब्युरेटर, पॉइंट-कंडेन्सर, रेडिएटर धरून १ लाख ४० हजार. हेडमध्ये कडक धातूच्या व्हॉल्व्ह-सीटा घालाव्या लागणार होत्या, कारण हे इंजिन शिसेयुक्त पेट्रोलच्या काळातले आहे, आणि देशात १ फेब्रुवारी २००० पासून ते पेट्रोल मिळत नाही. शिशाचा थर नसला की मऊ सीट झिजत खाली जाते. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल येते. ते जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा फुगवते, टाकीतला जुना गंज सोडवून कार्ब्युरेटरकडे पाठवते, म्हणून इंधनाची सगळी वाट नव्याने करायची.

सगळे मिळून चित्र असे झाले: गाडीचे ३ लाख, इंजिनाचे १ लाख ४० हजार, फिटनेसचे जादा शुल्क १ लाख ९ हजार, टायर, ब्रेक, सील आणि रंगाचे सुमारे १ लाख १० हजार, करबाकी आणि परमिट वेगळे. साडेसहा लाखांच्या पुढे. आणि त्यानंतर घर ते शेत ते घर अशा ४८ किलोमीटरच्या एका फेरीला १२ लिटर पेट्रोल, म्हणजे १०६ रुपयांच्या दराने १,२७२ रुपये. भाच्याने हा कागद दोन दिवस जवळ ठेवला. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "मामा, इतके पैसे मी आवडीसाठी एक वेळ घालीन. पण ज्या गाडीला मालकच नाही तिच्यात घालणार नाही." माझेही मत तेच होते, आणि त्याने ते स्वतः काढले याचे मला समाधान वाटले.

आम्ही ठेकेदाराला नकार कळवला नाही. लेखी प्रस्ताव दिला. वारसांनी नमुना ३१ वर गाडी आपल्या नावावर करावी, मूळ इंजिन त्याने स्वखर्चाने जागेवर बसवावे, थकीत शुल्क आणि कर विक्रेत्याने भरावेत, आणि निरीक्षकाने नंबर जुळवून फिटनेस दिल्यावर त्याच दिवशी ४ लाख ७५ हजार रुपये बँकेतून द्यावेत. ही रक्कम त्याच्या मूळ मागणीपेक्षा ५० हजारांनी जास्त होती, कारण नीट कागदांच्या गाडीची किंमत खरोखरच जास्त असते. त्याने प्रस्ताव वाचला, एवढ्या भानगडीत पडायला वेळ नाही म्हणाला, आणि जानेवारीत मेळ्यातून घेतली तर कर निम्मा पडेल असेही सुचवले. १९०५ पासून भरणाऱ्या ग्वाल्हेरच्या मेळ्यात करसवलत मिळते हे खरे आहे, पण ती तिथे विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांवर. जुन्या ट्रकच्या थकबाकीशी तिचा संबंध नाही.

पावसाळा तोंडावर होता, म्हणून भाच्याने शेताचा रस्ता पायी चालून पाहिला. तीन किलोमीटरपैकी गाडी खरोखर रुतत होती ती फक्त २०० मीटरच्या एका उताराच्या तुकड्यात, जिथे बाजूच्या बांधाचे पाणी वाटेवर येत होते. तिथे पाण्यासाठी चर काढला, दोन सिमेंटचे पाइप टाकले आणि वर मुरूम-दगडाचा थर दाबला. खर्च ४८ हजार. श्रावणात पिकअप दोनदा अडकली, बाकी वेळा गेली.

पुढच्या जानेवारीत ठेकेदाराचा फोन आला की भिंडचे भाऊ-बहीण सह्या करायला तयार आहेत, विसार घेऊन या. भाच्याने त्याला विचारले की नमुना ३१ दाखल झाला का, आणि पावतीचा क्रमांक काय. पावती अजून नव्हती. ती आल्यावर कळवा, मी त्याच दिवशी येतो, असे सांगून त्याने फोन ठेवला. ट्रक मुरारला जागेवर आहे, आणि मूळ इंजिन गोदामात पोत्यांखाली आहे. त्यात पाणी जाऊ नये म्हणून स्पार्क प्लगच्या भोकांत तेल घालून ती बंद करून ठेवा, एवढी विनंती मी ठेकेदाराला केली, आणि ती त्याने पाळली आहे.